पालखी कधीपासून टेकते

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आमच्या वेळची रीत. आता घेतलं तरी कुणी हटकणार नाही, पण जीभच वळत नाही. तेव्हा आमचे हे म्हणजे हेच. रत्नागिरीत वकिली करायचे. करायचे म्हणजे सनद होती, काळा डगला होता, ओटीवर बाकडं होतं आणि बाकड्यावर पक्षकारही येऊन बसायचे. पण पक्षकार बसला की हे त्याचा दावा बाजूला ठेवून भलतंच विचारायला लागायचे. तुमच्या गावात शिमग्याचा पहिला नारळ कुणाचा? गावकीची बैठक कुठे भरते? सगळे 'हो' म्हणाले आणि एकच माणूस गप्प बसला, तर ठरलं असं धरतात की नाही? तो बिचारा आलेला असायचा बांधाच्या भांडणासाठी. चहा पिऊन, गावाची सगळी कुळकथा सांगून तो उठायचा आणि जाताना दुसऱ्या एखाद्या वकिलाचं घर विचारायचा. कुणाला? मलाच!

यांना पुस्तक लिहायचं होतं. एखाद्या देशात राज्यकारभाराच्या संस्था येतात कुठून, वाढतात कशा, आणि काही रुजतात नि काही वाळून जातात ते का, हा त्यांचा विषय. काळच तसा होता. कौन्सिलच्या निवडणुका नव्या नव्या सुरू झाल्या होत्या, लोकल बोर्डात लोकांनी निवडलेली माणसं बसायला लागली होती, आणि उद्या स्वराज्य आलं तर कारभार कोणत्या नमुन्याचा असावा यावर आमच्या ओटीवर चार शहाणे तावातावानं बोलत. हे त्या वादात पडत नसत. म्हणायचे, "नमुना आणून चालत नाही. विलायतेतली पार्लमेंट तरी कुणी नकाशा काढून बांधली होय? राजाला अडचण आली, त्यानं माणसं बोलावली. पुन्हा अडचण आली, पुन्हा बोलावली. मग न बोलावणं अवघड होऊन बसलं." आपल्याकडे तसं काय आहे, तर गावकी. खाली रायवळ चांगला रुजलेला असला तरच त्यावर हापूसचं कलम धरतं. नुसती फांदी आणून मातीत खोचली तर ती वाळणारच. म्हणून आधी मूळ पाहायचं, असं त्यांचं म्हणणं.

आणि मूळ पाहण्याचं त्यांचं हत्यार म्हणजे एकच प्रश्न. "कधीपासून?"

गावकऱ्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पूर्वापार." यांना त्या शब्दाचा मनस्वी राग. "पूर्वापार म्हणजे आज्याला आठवत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जे जे आहे ते कधीतरी सुरू झालंय, कुणीतरी सुरू केलंय. शोधलं की सापडतं." सवय इतकी जडली होती की जेवतानासुद्धा विचारायचे, "कुळथाच्या पिठल्यात आमसूल कधीपासून घालायला लागलीस?" मी म्हणायची, "पूर्वापार!" मग भातावरच हसू फुटायचं त्यांना.

खरं सांगायचं तर मला या सगळ्याचा कंटाळा यायचा. पुस्तकांनी माजघर भरलेलं, बसायला पाट टाकायची पंचाईत, आणि काय तर म्हणे संस्थांची वाढ! माझ्या संसाराची वाढ कुणी बघायची? पण माणूस वाईट नव्हता. खोटं बोलायचा नाही. हा त्यांचा मोठा गुण, आणि धंद्यात तोच अवगुण. साक्षीदाराला पढवायचं नुसतं कुणी सुचवलं तरी ताडकन उठून आत यायचे आणि पाणी मागायचे. ओटीवरचा माणूस ते पाणी पिऊन होईपर्यंत निघून गेलेला असायचा.

आता माझ्या आईकडे वळते, कारण गोष्ट तिची आहे. आई संगमेश्वराच्या आतल्या अंगाला एका गावात राहायची. ते तिचं माहेर. सासर वेळणेश्वराकडचं, समुद्राच्या काठचं. बाबा गलबतावर होते. एका खेपेला गलबत गेलं ते परत आलंच नाही. सासरच्यांनी काही दिवस वाट पाहिली, मग तिला 'खा' म्हणेनात की 'बस' म्हणेनात. मला कडेवर मारून ती भावाच्या गावी आली. मामानं वरच्या वाडीच्या टोकाला फणसाखाली खोपटं घालून दिलं, भाजीपाल्यापुरती जमीन दिली. मामा होता तोवर सगळं ठीक चाललं. पण माहेरवाशिणीचं कौतुक चार दिवस. कायमची येऊन राहिलेली बाई ना त्या गावची ना ह्या गावची.

आमच्याकडे कुठलं घर गावचं आणि कुठलं नाही, हे शिमग्यात कळतं. देवीची पालखी देवळापुढच्या सहाणेवरून, म्हणजे दगडी चौथऱ्यावरून, निघते, वाडी-वाडी फिरते, आणि जी घरं गावची त्यांच्या अंगणात टेकते. घरची सवाष्ण ओटी भरते, पहिल्या नारळाचा मान असलेला म्हातारा त्या घराचं बरं कर असं देवीला गाऱ्हाणं घालतो, बाकीचे हुंकार देतात, आणि पालखी पुढे निघते. एवढंच. पण ज्या अंगणात पालखी टेकते त्या घरात मयत झालं तर घरटी एक माणूस येतो, लाकडं आणतो, खांदा देतो. जिथे टेकत नाही, त्यांचं त्यांच्या भावकीनं बघायचं. हे लिहिलेलं कुठे नाही, आणि ठाऊक नाही असं माणूसही नाही.

आई नवी आली तेव्हा तिच्या अंगणात पालखी कुठली टेकायला! पण एका शिमग्याला ऊन फार झालं. पालखी खांद्यावर घेतलेल्यांच्या घशाला कोरड पडली, त्यांनी ती फणसाच्या सावलीत टेकवली आणि आईकडे पाणी मागितलं. आईनं पाणी दिलं, गूळ दिला, आणि देवी दारात आलीच आहे तर म्हणून आतला नारळ आणून पुढे ठेवला. पुढल्या वर्षी तिनं आधीच अंगण सारवून ठेवलं. त्याच्या पुढल्या वर्षी रांगोळी घातली. मी परकर नेसायला लागले तोवर म्हातारा मानकरी तिच्याही घरासाठी गाऱ्हाणं घालायला लागला होता. पहिल्यांदा घातलं त्या दिवशी आई चुलीपुढे बसून रडली होती, ते मला आठवतं. विधवेनं ओटी भरायची नाही, म्हणून ती नुसता नारळ ठेवायची. माझं लग्न झाल्यावर ओटी भरायला मी जायला लागले. शिमग्याला माहेरी जाणं कधी चुकवलं नाही ते त्यासाठीच.

लग्नानंतर काही वर्षांनी हे माझ्याबरोबर आले. पालखी आमच्या फणसाखाली टेकली, उठली, पुढे गेली. आणि यांनी विचारलंच. "इथे कधीपासून टेकते?"

आई जावयाशी समोरासमोर बोलायची नाही. दाराआडून माझ्याकडे बघत बोलायची. "बाय, जावईबापूंना सांग, पूर्वी टेकत नव्हती. एका वर्षी माणसांना तहान लागली, तेव्हापासून." आणि मग तिनं सगळं सांगितलं. गूळ, सारवण, रांगोळी, गाऱ्हाणं.

यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! जन्मभर 'पूर्वापार' ऐकून ऐकून विटलेल्या माणसाला पहिल्यांदा कुणीतरी सुरुवात सांगत होतं, आणि तीही ज्या बाईपासून सुरुवात झाली तीच. अंगणात येरझाऱ्या घालायला लागले. "आधी सोय, मग सवय, मग हक्क! अगं, हेच! पार्लमेंट असो की पालखी, हेच!" आई दाराआडून मला खुणेनं विचारत होती, जावईबापूंना ऊन तर लागलं नाही ना?

त्यांनी त्यावर निबंध लिहिला. आधी रत्नागिरीत आमच्या ओटीवर दहा-पंधरा माणसांपुढे वाचला. मी आतून ऐकला. चांगला लिहिला होता, नाही कशाला म्हणू? परंपरा म्हणजे दगड नव्हे, ती वाढते, आज आलेल्यालाही ती उद्या आपलंसं करते, आणि स्वराज्यातल्या संस्थांनी हे आपल्या गावकीकडून शिकावं, असा त्याचा रोख. गावानं एका निराधार बाईला कसं कुणी न ठरवता सामावून घेतलं, ते वाचताना यांचा आवाज भरून आला होता. मग तो पुण्याच्या एका मासिकात छापून आला. गावाचं नाव नव्हतं, आईचं नव्हतं. पण वरच्या वाडीचं टोक छापलं होतं, गलबत छापलं होतं, फणस छापला होता. आणखी काय राहिलं?

गावातले निम्मे पुरुष मुंबईला गिरण्यांत नि गोदीत. एका खोलीत गावचे दहा-बारा जण राहायचे. त्यांतला खालच्या वाडीचा एक जण वाचणारा होता. मासिक कुठून तरी त्याच्या हाती पडलं. त्यानं ते खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि शिमग्याला आगबोटीनं येताना ट्रंकेत घालून आणलं.

त्याला मी दोष देत नाही, हे आधीच सांगते. खालच्या वाडीतली चार घरं कित्येक वर्षं मागणी करत होती, की पालखी आमच्याही अंगणात टेकू दे. दर वर्षी म्हाताऱ्या मंडळींचं एकच उत्तर, पूर्वापार नाही. आता त्यानं सहाणेवर भरलेल्या बैठकीत मासिक उघडलं आणि म्हणाला, "आमचं पूर्वापार नाय, मान्य. मग फणसाखालचं तरी पूर्वापार कुठं हाय? तिच्या जावयानंच छापलंय. वकील माणूस, खोटं लिहील काय?"

म्हाताऱ्यांची कोंडी झाली. एकाला द्यावं तर सगळ्यांना द्यावं लागतं, आणि सगळ्यांना दिलं तर पालखी आठ दिवस सहाणेवर परतायची नाही. त्यांनी सोपी वाट धरली. जिथे पूर्वापार टेकते तिथेच टेकेल. पाण्यापायी सुरू झालेलं बंद.

आम्हाला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. आम्ही आदल्या दिवशी येऊन पोचलो होतो. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, मी नऊवारी नेसून सुपात ओटीचं सामान घेऊन उभी, आई माझ्यामागे नारळ घेऊन. ढोल जवळ आला. पालखी वळणावर दिसली. आणि फणसाच्या सावलीतून तशीच पुढे गेली. खांदेकऱ्यांनी माना खाली घातल्या होत्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना लहानपणी आईनं गूळ दिलेला. ढोलवाल्यानं तेवढ्यापुरता ढोलही हळू केला, म्हणजे त्यालाही कळत होतं.

मी सूप घेऊन किती वेळ उभी राहिले कोण जाणे. आईनंच ते माझ्या हातातून काढून घेतलं. आत गेली, नारळ देवापुढे ठेवला, आणि भात टाकायला लागली. मी धावत मामेभावाकडे गेले, तेव्हा सगळा प्रकार कळला.

परत आले तर आई म्हणाली, "देवीचं काय गो, ती जाता-जाताही बघते. मला तिची काळजी नाय. पण बाय, मी मेले की चार खांदे कुठून आणशील? तुझ्या मामाचा एक झिलगा. बाकी तीन?" झिलगा म्हणजे मुलगा. एवढं बोलून ती भात ढवळत राहिली. तोवर ही गोष्ट मानापमानाची आहे असं मी समजत होते.

हे सगळं ऐकून यांनी पागोटं घातलं आणि सरळ सहाणेकडे निघाले. मीही मागून गेले, बायकांच्या घोळक्यात उभी राहिले. बैठक उठायच्या बेतात होती. यांनी हात जोडले आणि बोलायला लागले. बोलायची धाटणी तीच, ओटीवरची. म्हणाले, मंडळी, माझ्या लिहिण्याचा तुम्ही उलटा अर्थ घेतलात. ती जागा नवी आहे असं मी लिहिलं ते तिचा हक्क कमी ठरवायला नव्हे. सगळेच हक्क असेच सुरू होतात. इथवर ठीक होतं. दोन-चार माना हलल्याही. पण यांना थांबता येतं कुठे! मानकऱ्याकडे वळून म्हणाले, "आता तुमचाच पहिला नारळ घ्या. तुमच्या एखाद्या खापरपणज्यानं कधीतरी देवळाचं छप्पर शाकारून दिलं असेल. लोकांनी सोय म्हणून त्याला पुढे बसवला असेल. तोही मान असाच आला."

मी कपाळाला हात लावला. अहो, त्या माणसाच्या घरात तो मान म्हणजे जीव की प्राण! आणि हे भर बैठकीत त्याला सांगतायत, की तुझा खापरपणजा छप्पर शाकारायला आलेला गडी होता. खालच्या वाडीचा तो मुंबईवाला तेवढा गालात हसला.

म्हातारा चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "वकीलसाहेब, तुमी बोलता तसं असंलही. पण हे असं रोज बोलून गाव चालत नाय. उद्या जो तो उठून म्हणंल, मी पाणी पाजलं, मला मान द्या. कुठवर देत बसू?" आणि उठला. बैठक संपली.

परत येताना मी यांना वाटेतच गाठलं. माणसं बघतायत याचंही भान मला राहिलं नाही. "तुमच्या पुस्तकाला दाखला मिळाला, माझ्या आईचं अंगण गेलं! झालं समाधान? आता हेही लिहा, संस्था वाळतात कशा!" रत्नागिरीला आल्यावर चार दिवसांनी हे म्हणाले, "मी काय खोटं लिहिलंय ते सांग. उद्या दुरुस्ती छापतो." मी म्हटलं, "खोटं काहीच नाही. तेच तर!" त्यानंतर बरेच दिवस ओटीवर कुणाला पहिल्या नारळाबद्दल विचारलं गेलं नाही. पक्षकारांच्या दाव्यांकडे जरा लक्ष गेलं, तेवढाच फायदा.

पुढचा शिमगा आला तो मिठाच्या गडबडीच्या वर्षीचा. गावोगाव प्रभातफेऱ्या, टोप्या, घोषणा. मी मात्र ओटीचं सामान न घेता माहेरी गेले. जाऊन बघते तर आईनं पुढचं अंगण सारवलेलं नाही, रांगोळी नाही. पण घरामागे परसात काहीतरी खुडबुड चाललेली.

हे नीट समजायला हवं म्हणून सांगते. पालखी आमच्या घरापुढून खालच्या वाडीत उतरते, आणि परतताना घरामागच्या चढणीनं वर येते. ती चढण भारी वाईट. जांभ्याचा कातळ, पायाखाली खडी, सावलीला एक झाड नाही. वर येऊन पोचतात ते नेमके आमच्या परसाच्या दगडी गडग्याशी, जिथे एक काजू आहे आणि काजूखाली एक सपाट दगड. त्या दगडाशेजारी आईनं दोन मोठी मडकी पाण्याची भरून ठेवली होती. वर ओलं फडकं.

"आई," मी विचारलं, "हे मुद्दाम ठेवलंस?"

"मुद्दाम म्हणजे? तहान काय मुद्दाम लागते होय?"

तिच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. ती मनात काय धरून होती ते मला आजही सांगता येणार नाही.

दुपारी ढोल पुढून गेला, खाली उतरला, आणि उन्हं कलायच्या सुमारास चढणीवर धापा टाकण्याचे आवाज आले. पोरांनी मडकी बघितली, एकमेकांकडे बघितलं, आणि पालखी काजूखालच्या दगडावर टेकवली. मागून म्हातारा मानकरी काठी टेकत वर आला. त्याचाही श्वास लागलेला. ओंजळ पुढे केली, आईनं पाणी घातलं, तो प्याला. बस्स. पालखी उठली.

हे गडग्यापाशी उभे होते. हात डगल्याच्या खिशात गेला आणि पेन्सिल बाहेर आली. मी नुसतं म्हटलं, "अहो." पेन्सिल परत खिशात गेली.

पुढल्या वर्षी मडक्यांशेजारी गूळ आला. खालच्या वाडीवाल्यांनी तोवर हे ओळखलं होतं. ते काय कमी होते! त्यांनी चढणीच्या पायथ्याशी, त्या मुंबईवाल्याच्या मांडवात कलिंगडं कापून ठेवली. पालखी तिथेही थांबली. मी मनात म्हटलं, बरं झालं, त्यांचंही खरंच होतं. त्याच्या पुढल्या शिमग्याला मी सामान घेऊन गेले आणि काजूखाली देवीची ओटी भरली. आईनं नारळ ठेवला. म्हातारा दगडावर दम खात बसला होता. त्यानं नारळाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, मग उठून उभा राहिला आणि गाऱ्हाणं घातलं. पोरांनी हुंकार दिला. पुढच्या दारानं गेलेली देवी मागच्या दारानं घरात आली. आई या वेळी रडली नाही, मीच रडले.

यांनी त्यावर अक्षर लिहिलं नाही. पुस्तकाचं काम परत सुरू झालं होतं, ओटीवर 'कधीपासून' परत ऐकू यायला लागलं होतं, पण आमच्या गावचं नाव निघालं की विषय बदलायचे.

तो म्हातारा त्याच वर्षी दिवाळीनंतर गेला. मान त्याच्या मुलाकडे आला. मुलगा जन्मभर मुंबईत, गोदीत, बायको-पोरांसह. मानासाठी म्हणून नोकरी सोडून आला. वागायला सरळ, पण गावच्या रीतीभातींत कोरा. प्रत्येक गोष्ट विचारून करायचा, कुठे चूक होऊ नये म्हणून.

आणि पुढल्या श्रावणात आई गेली. ताप आला, चार दिवसांत आटोपलं. निरोप मिळाल्यावर मी नि हे पहिली मोटर धरून संगमेश्वरापर्यंत आलो, पुढे चिखलातून पायी. शेवटचं पाणी मी घातलं, एवढं पदरात पडलं. सकाळी ती गेली. पावसाची झड लागलेली. मामेभाऊ नव्या मानकऱ्याला वर्दी द्यायला गेला, तर तो स्वतःच इरलं डोक्यावर घेऊन आमच्या ओसरीत आला. त्याच्यामागे आणखी पाच-सहा जण आले, त्यांत खालच्या वाडीचा तो मुंबईवालाही होता. गिरणी बंद पडली म्हणून त्या पावसाळ्यात तो गावीच होता.

मानकरी अडखळत म्हणाला, "विचारणं बरं नाय, पण विचारल्याशिवाय कसं करू? गावात सांगायचं की भावकीत? पुढल्या अंगणात तर पालखी टेकत नाय. मागं टेकते ती मी यंदा बघितली. पण ते टेकणं धरायचं की नाय? बाबा काय सांगून गेले नाहीत." आणि मग तो यांच्याकडे वळला. सगळेच वळले. "वकीलसाहेब, तुमी या गोष्टींचा अभ्यास केलाय. तुमी सांगाल ते गाव मानंल. मागं पालखी कधीपासून टेकते?"

मी आईच्या उशाशी बसले होते. दारातून मला यांची पाठ दिसत होती. बाहेर पाऊस कोसळत होता, आणि मुंबईवाला ओसरीच्या खांबाला टेकून खाली जमिनीकडे बघत होता. त्याला ठाऊक होतं. त्याच्या कलिंगडांहून ते जेमतेम एका वर्षानं जुनं होतं. मला ठाऊक होतं. आणि या माणसाला तर मडकी पहिल्यांदा भरली ती दुपारसुद्धा ठाऊक होती. म्हटलं, आता सांगणार. आधी सोय, मग सवय, सगळं सांगणार, आणि माझी आई एका खांद्यावर जाणार.

यांनी घसा साफ केला.

"पूर्वापार," म्हणाले.

मानकऱ्यानं मान डोलावली, इरलं डोक्यावर घेतलं आणि गावात सांगायला गेला. मुंबईवाला काही न बोलता लाकडं बघायला परसात गेला.

घरटी एक माणूस आला. खालच्या वाडीतूनही आले. आईला मागच्या चढणीनं नदीकडे उतरवलं. पावसानं कातळ निसरडा झालेला, म्हणून खांदे बदलायला माणसं दोन्ही बाजूंनी चालत होती. जावयानं खांदा देऊ नये म्हणतात. त्या दिवशी कुणी हटकलं नाही. पुढच्या खांद्याला हे होते. चष्म्यावर पाणी, डगला चिंब, पाय घसरत होते, पण खांदा कुणाला देईनात.

मी काजूखाली उभी राहून बघत होते. पदर तोंडात धरला होता. आणि जन्मात पहिल्यांदा, मनातल्या मनात, मी त्यांचं नाव घेतलं.